तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र बघायला इतिहास कशाला?

युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या चित्रांवर मी व्याख्यानं देते. शेवटी दिवे लागले की कुणी ना कुणी विचारतंच, "चित्र आवडलं तर आवडलं, त्याला इतिहास कशाला हवा?" काही जण तर स्पष्टच सांगतात, तुम्ही बोलायला लागलात की बघण्यातला आनंद जातो. उभ्या उभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर दर वेळी अपुरं पडतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सनावळ्या पाठ करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याची वंशावळ माहीत नसल्यामुळे कुणाचं काही अडत नाही. चित्र कुणी करवून घेतलं, ते कुठे लागणार होतं आणि रोज त्याच्यासमोर कोण उभं राहणार होतं, एवढंच मी विचारते. हे विचारलं की आनंद जातो, हे मला मान्य नाही.

चित्रकला शिकत होते तेव्हा मी तुमच्याच बाजूची होते. रेषा, रंग, रचना. बाकी सगळ्या गप्पा. दोमेनिको गिर्लांदाय्यो या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराचं १४८८चं चित्र मी तेव्हा असंच पाहिलं होतं. मधोमध मरिया, मांडीवर बाळ येशू, वंदनाला आलेले पूर्वेकडचे राजे. मरियेच्या वस्त्राचा निळा किती शांत, असं मला वाटलं होतं. आजही वाटतं. पण या चित्राचा करार उपलब्ध आहे, २३ ऑक्टोबर १४८५चा. किंमत ११५ फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं), मुदत ३० महिने, उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड. आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन भावाचाच हवा, अशी अट. तो रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या दगडापासून करत. देवीला सोन्याचा मुकुट चढवावा तसा तो निळा चढवलेला आहे. हे कळल्यावर माझ्या लेखी तो फिका झाला नाही. मी जास्त वेळ बघत राहिले.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. आता ज्या प्रसंगामुळे ती डळमळते, तो सांगते.

हे चित्र फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती या संस्थेच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर होतं. सोडून दिलेल्या बाळांसाठी रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने ही संस्था उभारली. इमारत ब्रुनेलेस्की या वास्तुकाराची. पहिलं बाळ ५ फेब्रुवारी १४४५ला आलं, मुलगी होती. तिचं नाव आगाता ठेवलं, कारण त्या दिवशी संत आगाताचा सण होता. बाळांना दूध पाजायला खेड्यापाड्यांतल्या दाया असत. तरी खूप बाळं दगावत.

एका व्याख्यानात मी हे चित्र दाखवलं. पुढच्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या. चित्रात राजांच्या बरोबरीने दोन लहान मुलं गुडघे टेकून बसलेली आहेत, पांढऱ्या झिरझिरीत कपड्यांत, डोक्यामागे तेजोवलय. त्यांच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही कुणाची?" मी सांगितलं. येशू जन्मला तेव्हा हेरोद राजाने बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायचा हुकूम दिला. ही त्यांतली दोन. मग नेहमीप्रमाणे तो भाग मोठा करून दाखवला: अंगावरच्या जखमा, आणि मागे डावीकडे, राजांच्या गर्दीपलीकडे, चाललेली कत्तल. आया, सैनिक, मुलं.

व्याख्यान संपल्यावर त्या थांबल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, मी अनाथ बाळांच्या संस्थेत आयुष्य काढलंय. काही आमच्या हातातच गेली. तुम्ही चित्र लावलंत तेव्हा मला वाटलं, आमची ती बाळं अशी कुठेतरी असतील, चांगल्या कपड्यांत, देवासमोर. तुम्ही तलवार दाखवायला नको होती."

मी उत्तर दिलं. ते घाईचं होतं, पण आजही मी ते मागे घेत नाही. तलवार मी आणलेली नाही. पैसे देणाऱ्यांना ती हवी होती, चित्रकाराने काढली, आणि त्या संस्थेत वाढणाऱ्या मुलांच्या नजरेसमोर ती होती. ती झाकून चित्र दाखवणं म्हणजे अर्धंच दाखवणं. त्या ऐकून घेऊन निघून गेल्या.

नंतर डोक्यात आलं ते जास्त त्रासाचं होतं. चर्चच्या श्रद्धेप्रमाणे ती मारलेली मुलं संत आहेत, देवाजवळ पोचलेली. चित्रात दोन्ही संत योहान, म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान आणि येशूचा शिष्य योहान, त्यांना पुढे करून मरियेसमोर आणतायत. मागे मरण, पुढे ही जागा. ज्या घरात बाळं हातातच जात, तिथल्या माणसांना हे चित्र नेमकं तेच सांगत होतं जे या बाईंना दिसलं होतं. इतिहासाचा एक शब्द न ऐकता त्या १४८८च्या बघणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि मी इतिहास सांगून त्यांना तिथून हलवलं.

म्हणजे तुमचंच खरं? नाही. त्यांना ते दिसलं ते त्या घरासारख्या घरात त्यांनी आयुष्य काढलं म्हणून. बाकीच्या सभागृहाला दोन गोंडस मुलं दिसत होती. त्यांना सांगायलाच हवं होतं. आणि त्यांच्याबरोबर या बाईही ऐकत होत्या, त्याला मी काय करणार होते? याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि "आनंद घ्या, इतिहास सोडा" हे ते उत्तर नक्कीच नाही.

पुढच्या व्याख्यानातही हे चित्र आहे. जखमांचा भाग मी काढलेला नाही. तो कधी मोठा करून दाखवायचा, आधी की कुणी विचारल्यावर, यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.