गुप्तधन आणि न्हाणीतलं पिंप

सिद्धेश्वर तलावाला फेरी मारून झाली की आम्ही चौघं कट्ट्यावर टेकतो. समोर भुईकोट किल्ल्याचा तट, पुडीत भाजलेल्या शेंगा. त्या दिवशी विषय निघाला कॅनडातल्या ओक बेटाचा. १७९५ साली म्हणे तिथं एका पोराला जमिनीत खळगा दिसला. चाच्यांचं गुप्तधन असणार म्हणून खणायला घेतलं, तर नव्वदेक फुटांवर खड्डा पाण्यानं भरला. पुढं दोनशे वर्षं लोक खणत राहिले. सहा माणसं जिवाला मुकली, धन काही हाती आलं नाही.

"येणार कसं बे? इतकी वर्षं पाण्यात! कुजलं असेल की," बोअरवाला मित्र म्हणाला.

ज्याचं आयुष्य सराफाच्या पेढीवर गेलं, तो उसळला. "सोनं कुजतं होय? ती काय भाकरी आहे?"

त्याचं खरंच होतं. सोन्याला ना हवा बाधते ना पाणी. चांदी तर कपाटात कोरडी ठेवली तरी काळी पडते, हे ज्याच्या घरी पैंजण आहेत त्याला माहीत असतं. पण धन काही नुसतं सोन्याचं नसतं. पेटी असते, कुलूप असतं, कापडाची थैली असते. त्यांचं काय?

उत्तर मला घरी सापडलं, न्हाणीतल्या लोखंडी पिंपात. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पिंप भरतं, उतरतं, परत भरतं. आत बॅटरी मारून पाहिलं. तळ बरा होता. खरा गंज होता तो वरच्या अंगाला, पाणी जिथं चढतं-उतरतं त्या पट्ट्यात. ओल आणि हवा दोन्ही आळीपाळीनं मिळाली की लोखंडाचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे कट्ट्यावर मांडलं. जोडीला स्वीडनचं वासा जहाज होतंच. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालं, १९६१ साली वर काढलं, तर लाकूड शाबूत आणि लोखंडी बोल्ट गंजून गेलेले. म्हणजे सतत पाण्याखाली राहिली तर पेटी टिकेल, कडी-कोयंडा जाईल.

"मग आपल्याकडं?" सराफ.

आपल्याकडं अवघड आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणजे अख्खं सोलापूर माझ्या पिंपाचा वरचा पट्टा! पेटी जाणार, थैली जाणार, मोहरा तेवढ्या भेगांतून खाली खाली सरकणार.

"सापडल्या तर?" बोअरवाल्याचे डोळे चमकले. त्याला १८७८ चा कायदा सांगितला. दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांत आता एक चहा येतो. त्यानं मुकाट्यानं शेंगा फोडायला घेतल्या.

घरी येऊन बायकोला म्हटलं, पिंप काठोकाठ भरलेलं ठेवत जाऊ, गंज कमी धरेल.

"ठेवू की," ती म्हणाली. "तेवढं नळाला सांगून या."