मुरुमांवरील प्रकाशोपचार आणि आपल्याकडचे ऊन

आमच्या तालुक्याच्या गावी पार्लरच्या फलकावर आता प्रकाशोपचाराची ‘औषधाविना मुरूम घालवा’ अशी जाहिरात दिसते, आणि शाळेतील मुली त्याविषयी मला विचारतात. त्यांना मी जे सांगते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

या उपचारामागील शास्त्र खरे आहे. मुरुमांतील जिवाणू त्वचेच्या छिद्रांत राहून पॉर्फिरिन नावाचे द्रव्य तयार करतात. अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प (त्वचा तपासण्याचा अतिनील किरणांचा दिवा) चेहऱ्यावर धरला, की नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक नारिंगी-तांबडे ठिपके चमकताना दिसतात. ते याच द्रव्याचे. सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश पॉर्फिरिनने शोषला, की क्रियाशील ऑक्सिजन तयार होऊन जिवाणू मरतात. तांबडा प्रकाश अधिक खोल पोहोचतो आणि सूज कमी करण्यास मदत करतो. मात्र ब्लॅकहेड्सवर निळ्या प्रकाशाचा फारसा उपयोग होत नाही, आणि उपचाराच्या बैठका थांबल्यावर जिवाणू पुन्हा वाढतात. तेलग्रंथींवरच काम करणाऱ्या १७२६ नॅनोमीटरच्या लेझरला अमेरिकेत २०२२ साली मंजुरी मिळाली. तरीही तेथील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लेझर व प्रकाशोपचारांची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

फोटोडायनॅमिक उपचार या प्रकारात तर प्रकाश टाकण्याआधी चेहऱ्यावर औषध लावावेच लागते आणि उपचारानंतर सुमारे दोन दिवस उन्हापासून दूर राहावे लागते. त्याला ‘औषधाविना’ म्हणणे मला अजिबात पटत नाही.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या सावळ्या रंगाची. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही प्रकाश शोषते, त्यामुळे आयपीएलसारखे (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारे) यंत्र अननुभवी हाती पडले तर त्वचा भाजते, आणि मुरूम गेले तरी काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणून यंत्र कोणते, तरंगलांबी किती, आपल्यासारख्या त्वचेवर ते चालवणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे काय, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. यवतमाळ किंवा नागपूरच्या शासकीय रुग्णालयातील त्वचारोग विभागात आधी दाखवावे. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावत असल्यास तेही तेथे न लपवता सांगावे.

ऊन सौम्य असते म्हणून लेझर हिवाळ्यात करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडे त्याच दिवसांत कापसाची वेचणी असते आणि सुटीच्या दिवशी मुली सकाळपासून दुपट्टा बांधून उन्हात, वावरात असतात. उपचाराची तारीख ठरवण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.