पोरांना वार सांगता आला पाहिजे

गुरुवार, रात्रीचे साडेदहा. चाकणहून आत्ता आले. सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून पुण्याहून किती वाजता पोचणार हे आम्ही घरी सांगायचंच सोडलंय, डायव्हर्जन, सर्व्हिस रोड, परत डायव्हर्जन. पोरं झोपलीत.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. आमचं कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, जातं चाकणला, होसूरला, पिथमपूरला गिऱ्हाईक कंपन्यांकडं, आणि त्याच्या मागोमाग मला पण जावं लागतं. लोक पहिल्यांदा हेच विचारतात की मग मुलांना कोण बघतं. त्यांचा बाप बघतो, आजी बघते, आणि दोघंही मनापासून बघतात, त्याची मला काळजी नाही. मला त्रास होतो तो अचानक जायला लागण्याचा.

ऑडिट ठरलेलं असलं की तारीख आधी कळते, भिंतीवरच्या कालनिर्णयवर लेक स्वतःच लाल पेनानं गोल करते, सासूबाई त्या आठवड्यात भिशी पुढं ढकलतात, ह्यांचा दुकानाचा माल आणायचा दिवस बदलतो. पोरगा तर काही विचारत पण नाही कारण मम्मी कुठल्या वारी येणार ते त्याला माहिती असतं. पण दुपारी तीनला फोन येतो, मशीनिंगला ब्लो होल, म्हणजे आत हवेची भोकं, निघालेत, लाईन थांबेल, आजच माणूस पाठवा, की सगळंच कोलमडतं. संध्याकाळी कावळा नाक्यावर बसची वाट बघत उभी असते आणि परत कधी येणार ते मलाच माहिती नसतं. सॉर्टिंग, म्हणजे खराब माल निवडून वेगळा करणं, किती दिवस चालेल, रिवर्क म्हणजे दुरुस्ती करून चालेल का सगळा लॉट परत पाठवणार, कोण सांगणार? तेव्हा पोरगा फोनवर एकच विचारतो, "मम्मी, कवा येणार?" आणि त्याला वार सांगता येत नाही ह्यासारखं वाईट काही नाही.

पावसाळ्यात तर अजूनच अवघड. 2019 ला शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं, 2021 च्या जुलैत परत तेच, तेव्हा मी पुण्यात अडकले होते, माणसं घरात आणि मी पलीकडं. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, 39 फूट इशारा, 43 धोका. पाणी 39 कडं सरकायला लागलं की सासूबाई म्हणतात, "कंपनीला सांग, पाणी उतरू दे, मग जा." बरोबर बोलतात.

दिवाळीनंतर साहेबांशी बसून बोलले. ठरलेल्या व्हिजिट मंगळवार ते गुरुवारमध्येच घ्यायच्या, आणि अचानकच्या कॉलला आम्हा तिघांची आठवड्याची पाळी लावायची. म्हणजे माझा आठवडा नसेल तर फोन आला तरी मी घरी, आणि माझा असेल तर घरात सगळ्यांना आधीपासून माहिती. ते आधी बघू म्हणाले, पण लावली पाळी. कंपनीचा एक रुपया जास्त गेला नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरोबरचे दोघं पुरुष जास्त खूश झाले, त्यांना हे कधी मागावं असं वाटलंच नव्हतं बहुतेक, घर त्यांना पण आहे की! फिरती आहे तिथं प्रत्येक कंपनीनं हे करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

अजून एक. आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी आणि शाळेला रविवारी, म्हणजे कोल्हापुरात असले तरी पोरांचा पूर्ण दिवस मला मिळत नाहीच. म्हणून रविवारी शिफ्ट सुटली की थेट रंकाळा, चौघं, भेळ खाऊन काळोख होईपर्यंत, आणि त्या वेळेत ऑफिसचा फोन उचलत नाही. सोमवारी ह्यांचं दुकान पण बंद असतं, तेव्हा दुपार आम्हा दोघांची. लग्नाला इतकी वर्षं झाली पण निवांत बोलणं ह्या सोमवारांनीच दिलंय.

पुढचा आठवडा माझ्या पाळीचा. शुक्रवारी पोराचं गॅदरिंग आहे, त्याचा मावळ्याचा डान्स आहे, म्हणून तो एक दिवस बरोबरच्याशी बदलून घेतलाय. त्याच्या बदल्यात चैत्रात ज्योतिबाच्या यात्रेला त्याची पाळी मी करणार, त्यांच्या गावची सासनकाठी, यात्रेत मिरवतात ती देवाची उंच काठी, असते, त्याला डोंगरावर जायलाच पाहिजे. पोराला सांगितलंय, शुक्रवारी पुढच्या रांगेत असणार.