तेवढीच आहे

काल माझ्या लेकीचा, चिऊचा, मेंदूचा एमआरआय होता. रिपोर्ट घेऊन बडोद्यात दांडिया बाजारच्या घरी आलो तर सासूबाई दारातच, "गेली का गं गाठ?" मी म्हटलं, नाही हो आई, तेवढीच आहे. त्यांचा चेहराच उतरला. मला मात्र रिक्षात आनंदानं रडू आलं होतं, कारण या गाठीचं तेवढीच राहणं म्हणजे केमो लागू पडतेय, हे डोक्यात शिरायला मलाही सहा महिने लागले.

चिऊ दहा महिन्यांची असताना वजन वाढेना. खायची भरपूर, वरणभात, खिचडी, केळं, दिवसभर खिदळायची, पण हातपाय नुसत्या काड्या. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे आईचं दूधच पातळ. एका डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन घरी पाठवलं. मग डोळे थरथर हलायला लागले तेव्हा कुठे स्कॅन झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये लो ग्रेड ग्लायोमा, म्हणजे सावकाश वाढणारी गाठ. खाऊनपिऊन वाळत जाणारं हसरं बाळ, याला डायएनसेफॅलिक सिंड्रोम म्हणतात आणि डॉक्टरी पेपरात ते १९५१ सालीच आलंय, हे वाचलं त्या रात्री मी कुणावर चिडू तेच कळेना.

सगळे विचारतात ऑपरेशन करून काढून का नाही टाकत. अहो भूक, तहान, झोप, हार्मोन्स सगळं तिथूनच चालतं, डोळ्यांच्या नसा खेटून, हात कुठे घालणार? आणि इतक्या कोवळ्या मेंदूला रेडिएशन शक्यतो टाळतात. म्हणून केमोची दोन औषधं, कार्बोप्लॅटिन आणि विंक्रिस्टिन, सुरुवातीला जवळजवळ दर आठवड्याला, सगळं मिळून वर्षाच्या वर.

विंक्रिस्टिननं पोट कडक होतं, जबडा दुखतो, पावलं लोंबतात. चिऊ चालायला शिकली आणि डाव्या पायाचा अंगठा फरशीला घासायला लागला, चपलेचं टोक तेवढंच झिजलेलं. ती चपल मी टाकलेली नाही. कार्बोप्लॅटिननं प्लेटलेट्स उतरतात, आणि पुढच्या डोसांना अॅलर्जी येऊ शकते म्हणून सिस्टर ड्रिप चालू असताना हलत नाहीत, मीही नाही. केमो चालू असताना ताप आला की क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, रात्रीचे दोन असले तरी सरळ हॉस्पिटल.

आणि एक, ज्यांचं बाळ असं खाऊनही वाळतंय त्यांनी वजनाचा तक्ता घेऊन परत जा, पुन्हा पुन्हा जा.

रक्ताचे काउंट सावरले की कमाटी बागेत नेणार आहे तिला. वजन काल साडेनऊ किलो भरलं, सासूबाईंनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, एमआरआयच्या तारखेखाली.