एक इंजिन चालालंय की ओ, मग दुसरं कशाला?

संकेश्वरात माझं पंप दुरुस्तीचं दुकान. नदीकाठच्या मोटारी, विहिरीतले सबमर्सिबल, डिझेल इंजिनं हे रोजचं. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या पाण्यात ज्यांच्या मासेमारीच्या होड्या आहेत त्यांची बोटीची इंजिनंही माझ्याकडं येतात, कारण जवळपास दुसरं कुणी ती उघडत नाही. मोठ्या इंजिनाशेजारी एक छोटं लावलेलं दिसलं की माणसं हमखास विचारतात, "एक चालालंय की ओ, मग हे दुसरं कशाला?" ज्याला पटलेलं असतं तो पुढचं विचारतो: कुठलं घ्यायचं, किती एचपीचं, बसवायचं कसं? दुकानात उभ्या उभ्या हे सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहितो.

कशाला, याचं उत्तर हिडकलच्या जागेतच आहे. घटप्रभा पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, म्हणजे धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. इंजिन बंद पडलेली होडी कुठं जाणार? भिंतीकडं. आणि ज्या दिवसांत हा वारा जोर धरतो त्याच दिवसांत धरण भरत आलेलं असतं, दरवाजे उघडायची वेळ आलेली असते. ५१ टीएमसीचं पाणी आहे ते, गावतळं नव्हे. "वल्हं हाय की," असं जुनी माणसं म्हणतात. लाकडी, बुटक्या होडीला वल्हं पुरायचं. १८ फुटी फायबरची होडी, आत बर्फाची पेटी, जाळी, दोन-तीन माणसं. तिच्या उंच कडांना वारा धरतो आणि वल्हं मारणारा जागच्या जागी घामाघूम होतो.

उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी. पाणी उतरतं, हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर वर येतं, लोक दर्शनाला जातात. पण वर आलेलं दिसतं तरी. बुडालेल्या घरांची जोती, शेतांचे बांध, बाभळीची खोडं पाण्याखाली हात-दीड हातावर दबा धरून असतात. इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) एकदा आदळला की छोट्या इंजिनाची पिन तुटते, मोठ्याचं पंख्यातलं रबर सटकतं. मग इंजिन नुसतंच ओरडतं, होडी हलत नाही.

आता मुद्द्याचं. लोक आधी एचपी विचारतात. मी आधी विचारतो, मोठ्या इंजिनाशी ह्याचं सामाईक काय काय ठेवणार आहात? टाकी एकच? बॅटरी एकच? जेवढं सामाईक, तेवढं दुसरं इंजिन नसल्यासारखंच. एकाच टीसीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) दोन शेतकऱ्यांच्या मोटारी असल्या आणि टीसी जळाला, तर तुमच्याकडं मोटार जास्तीची आहे याचा काय उपयोग? माझ्याकडं येणाऱ्या इंजिनांत मूळ इंजिन बिघडलेलं क्वचितच असतं. पेट्रोलमध्ये पाणी गेलेलं असतं, कार्बोरेटरमध्ये गाळ बसलेला असतो, बॅटरीची तार हिरवी पडलेली असते. टाकी एक ठेवली तर त्याच पाणी मिसळलेल्या पेट्रोलवर दुसरंही चार फटके मारून गप्प होणार.

म्हणून छोट्याला त्याचा स्वतःचा कॅन. आणि ते दोरी ओढून चालू होणारंच हवं, बटनाचं असलं तरी जोडीला दोरी पाहिजेच. मोठ्याची बॅटरी उतरली म्हणून तर छोट्याची गरज लागली, आणि छोट्यालाही तीच बॅटरी लागत असली तर सगळंच मुसळ केरात.

पेट्रोलचं थोडं जास्त सांगतो, कारण हल्ली निम्मी दुखणी तिथलीच. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्याबद्दल तक्रार नाही; पण इथेनॉल पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर धरतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळाशी असते. बोटीवर दमट हवा, अर्धा रिकामा कॅन, वर दिवसभराचं ऊन. अशानं हे लवकर होतं. छोट्याचा कॅन महिन्याभरात वापरला नाही तर तो मोठ्या इंजिनात संपवा आणि छोट्यासाठी ताजं भरा. कॅन शक्यतो काठोकाठाच्या थोडा खाली, झाकण घट्ट. मध्ये पाणी धरणारा फिल्टर लावा, काचेच्या वाटीचा मिळाला तर उत्तम, पाणी डोळ्यांना दिसतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टू-स्ट्रोक हलकं, ८ एचपीचं साधारण २७ किलो, एक माणूस उचलून लावतो. फोर-स्ट्रोक त्याच ताकदीचं ३७-३८ किलोच्या पुढं जातं. पण टू-स्ट्रोकला तेल मिसळावं लागतं, लिटरला २० मिली, आणि मिसळून ठेवलेलं पेट्रोल फार दिवस टिकत नाही. मोठं इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर छोटंही फोर-स्ट्रोकच घ्या, असं माझं मत आहे. अडचणीच्या वेळी अंधारात, पावसात, कुठल्या कॅनमध्ये तेल घातलंय हे आठवत बसायची वेळ येऊ नये. ज्यांना रोज इंजिन काढून घरी न्यावं लागतं, त्यांनी मात्र टू-स्ट्रोकच बघावं. पाठ एकच असते.

एचपीचा हिशोब लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. छोटं इंजिन होडीला पाण्यावर उचलत नाही, पाणी कापत ढकलतं. अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यात टेकलेली लांबी १६ फूट धरली तर त्याचं वर्गमूळ ४, त्याला १.३४ नं गुणलं की ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढं एचपी वाढवलंत तर पेट्रोल जळतं, मागं लाट मोठी उठते, होडी तेवढीच पळते. १८ फुटी होडीला ६ ते ८ एचपी पुरे. समुद्रकाठच्या लोकांना जे विचारात घ्यावं लागत नाही ते आपल्याला घ्यावं लागतं: हिडकल भरतं तेव्हा पाणी २१७५ फुटांवर असतं, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६६३ मीटर. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद अंदाजे ३ टक्के कमी होते. कागदावरचं ८ एचपी इथं साडेसातच समजा. पंखा घेताना कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर ढकलणारा घ्या, जोर मिळतो. वेगाचा पंखा छोट्या इंजिनाला गुदमरवतो.

८ एचपी पूर्ण ताकदीवर तासाला साधारण ३ लिटर पितं. ५ लिटरच्या कॅनवर दीड तासाच्या वर चालेल, म्हणजे १२-१५ किलोमीटर. हिडकलमध्ये काठाला लागायला भरपूर झालं.

कृष्णेचं गणित मात्र निराळं. चिकोडी तालुक्यात कल्लोळ, येडूरच्या बाजूचे लोकही विचारायला येतात. तिथं पाणी वाहतं आहे. पुराचं पाणी सेकंदाला २ मीटरनं वाहत असेल तर ते ताशी ७ किलोमीटरच्या वर झालं. तुमचं छोटं इंजिन भरलेल्या होडीला ताशी ६ नं नेत असेल, तर तोंड वरच्या गावाकडं करून तुम्ही खालच्या गावाला पोचाल. ज्यांच्या होड्या २०१९ सारख्या पुरात माणसं काढायला उतरतात त्यांनी ९.९ एचपीच्या खाली जाऊ नये. (आमच्याकडं पुरात गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढईसुद्धा होडी म्हणून चालते, तिला इंजिन बसवून द्या म्हणणारा अजून आलेला नाही, येईल.)

बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीबद्दलही विचारतात. ५५ पौंड जोरानं ढकलणारी १२ व्होल्टची मोटार पूर्ण जोरावर ५० अँपिअरच्या आसपास खाते. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरावी, म्हणजे तास भरला की संपलं. निवांत पाण्यात जाळ्याच्या कडेनं फिरायला झकास, आवाज नाही, धूर नाही. समोरून आषाढाचा वारा असताना तिच्या भरवशावर राहू नका.

बसवणं हा खरा उद्योग. इंजिनापासून खाली पंख्याकडं जाणाऱ्या दांड्याची लांबी १५, २० किंवा २५ इंच येते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली बसली पाहिजे. वर राहिली तर पंखा हवा खातो. छोटं इंजिन मध्यावर नसतं, कडेला असतं. होडी दुसऱ्या बाजूला कलली किंवा कुणी नाळेकडं (पुढच्या टोकाकडं) चालत गेलं की ही कड उचलते आणि पंखा पाण्याबाहेर फडफडतो. म्हणून कडेच्या इंजिनाला मी २० इंचाच्या खालचा दांडा सुचवत नाही, आणि इंजिन टांगायची मागची फळी उंच असेल तर २५. माप घेताना मधोमध घेऊ नका. तळ व्ही आकाराचा असला तर कडेला तो वर आलेला असतो. जिथं इंजिन बसणार तिथंच, ब्रॅकेट (छोटं इंजिन धरणारी चौकट) खाली सोडून, उभं माप घ्यायचं. मोठं इंजिन दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, छोट्याला खेटतं का. चालक ज्या बाजूला बसतो त्याच्या उलट बाजूला छोटं लावलं की वजनाचा तोल राहतो.

मग मागच्या फळीची तपासणी. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. भोक पाडताना ड्रिलला लागून जो भुसा बाहेर येतो तो बोटांत चोळून बघा. फिकट, कोरडा, भुरभुरीत असला तर पुढं चला. काळपट, ओला, गोळा होणारा, कुबट वासाचा असला तर ड्रिल तिथंच थांबवा. आत कुजलंय. अशा फळीवर ३० किलोचं इंजिन टांगलं आणि लाटेवर होडी आपटायला लागली तर एक दिवस ब्रॅकेट फळीच्या तुकड्यासकट तळाला जाईल. फळी चांगली असली तरी भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडावं, इपॉक्सीनं भरावं, ते सुकल्यावर त्यातून नेमकं भोक पाडावं. म्हणजे बोल्टच्या कडेनं पाणी झिरपलं तरी लाकडाला भिडत नाही. आतल्या बाजूनं नुसते वॉशर नकोत, ६ मिलीमीटर जाडीची धातूची पाटी द्या. नायलॉनचे नट लावा, साधे नट थरथरीनं सुटतात. गोड्या पाण्यात ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालतं. ३१६ ला जास्त पैसे घालायची गरज समुद्राला असते, आपल्याला नाही.

वरखाली होणारा स्प्रिंगचा ब्रॅकेट बाजारात मिळतो, पण आपल्या भागात मागवून घ्यावा लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत माप दिलं तर तो करून देणारे हात आहेत. लोखंड आणि मशीनचं काम त्या भागाला शिकवावं लागत नाही. त्यांना एवढंच बजावा, की भार फक्त वजनाचा नाही. मोठ्या इंजिनावर होडी पळत असते तेव्हा वर उचललेलं छोटं प्रत्येक लाटेला झटका देतं, बिजागऱ्या त्यानंच जातात. पळताना पट्ट्यानं आवळून ठेवायचं. क्लँपचे स्क्रू कितीही आवळा, ते सैल होणारच. म्हणून एक साखळी फळीवरच्या कडीला वेगळी. साखळीला कुलूप घाला, कारण सगळीच कामं थरथरीची नसतात.

चालवताना मोठं इंजिन सरळ करून बांधा आणि खालीच राहू द्या. छोटं कडेनं ढकलतं, होडी एका बाजूला ओढते. मोठ्याचा दांडा पाण्यात असला की सुकाणूचं काम करतो.

छोटं लावून विसरायचं नाही. जाळं उचलताना, कटला-चिलापीच्या जाळ्याच्या कडेनं हळूहळू जाताना तेच वापरा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) न फिरता पडून राहिला की त्याची पाती वाकलेल्या आकारातच राहतात. चालू केल्यावर मागून पाण्याची धार येते का, हे पहिलं बघायचं. धार नाही तर लगेच बंद. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागं गुंडाळला तर सील कापतो. गिअरचं तेल दुधासारखं पांढरं निघालं की समजा आत पाणी गेलं.

जुनं घ्यावं का, हे शेवटी सगळेच विचारतात. आपल्याकडं जुनं म्हणजे गोव्याचं किंवा मालवण-वेंगुर्ल्याचं. घ्या, पण ते खाऱ्या पाण्यात राहिलंय हे ध्यानात ठेवा. थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटांत मीठ बसलेलं असतं, थर्मोस्टॅट अडकलेला असतो. आणल्या आणल्या पिंपात गोड्या पाण्यावर बराच वेळ चालवा. त्याला लावलेला, गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा खाऱ्या पाण्यासाठी असतो. गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा लागतो, बदलून घ्या. प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय पैसे मोजू नका.

आणि चोर्ला किंवा आंबोली घाटातून आणताना शक्य तर उभंच बांधा. आडवं ठेवावंच लागलं तर फोर-स्ट्रोक कुठल्याही कुशीवर झोपवू नका. कुठली बाजू खाली ते पुस्तकात किंवा इंजिनावरच दिलेलं असतं. चुकीच्या बाजूला ठेवलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं. डोकं पंख्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका, आत राहिलेलं पाणी तिकडं जातं. पेट्रोल काढून टाका. घरी आल्यावर उभं करा, तेल खाली बसू द्या, तेलकाडी बघा, प्लग काढून दोनदा हळू दोरी ओढा, आणि मगच पिंपात सोडा.