पिवळी राहायला हवी होती ती नळी

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.च्या मुलांची जीवरसायनाची प्रॅक्टिकल्स घेते. जूनमधल्या एका दुपारी सत्तरी तालुक्यातून येणारी एक मुलगी परीक्षानळी घेऊन माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, ह्यात एटीपी घातलंच नाही, तरी तांबडी झाली."

एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू; तो नसेल तर ही नळी पिवळीच राहायला हवी. घातलं असशील, विसरलीस, परत कर, असं मी म्हटलं. ती हलली नाही. "मुद्दाम नाही घातलं, मॅडम. बघायचं होतं."

आम्ही एरंडाच्या बिया ओल्या वर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणाऱ्या खनिजाच्या भुग्यात), अंधारात ३० अंशांवर रुजवतो. हातमोज्यांशिवाय कुणाला हात लावू देत नाही, कारण बीत रायसिन हे जहाल विष असतं. पाचव्या दिवशी भ्रूणपोष, म्हणजे बीतला अन्नसाठ्याचा गर, लोण्यासारखा मऊ होतो. आतल्या तेलाची साखर करून तो कोंबाला पुरवत असतो, आणि हे आपल्या शरीराला जमत नाही. त्यामागचं रासायनिक क्रियांचं ग्लायॉक्सिलेट चक्र वनस्पतींत एरंडातच दाखवलं गेलं, १९५७ साली, कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स यांच्याकडून. पुढे १९६७ मध्ये ब्रायडनबाख आणि बीव्हर्स यांनी हे काम पेशीतल्या ज्या कणांत चालतं ते वेगळे काढले. ते ग्लायॉक्सिसोम.

मुलं चक्र घडाघडा म्हणून दाखवतात, त्याआधीची पायरी मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. तेलातून सुटलेलं मेदाम्ल असो की ॲसिटेट, नुसतं आहे तोवर पेशीला त्याचं काही करता येत नाही. आधी ते एटीपीवर चढतं. दोन फॉस्फेटची जोडी सुटते, ती लगेच फुटते आणि परतीची वाट बंद होते. मग कोएन्झाइम ए हा वाहक रेणू त्याला उचलून घेतो. ॲसिटेटसाठी एक विकर (एन्झाइम), लांब साखळ्यांसाठी वेगळी. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात पेरॉक्सिसोममधली (ग्लायॉक्सिसोम हा त्यांचाच एक प्रकार) अशी दोन विकरं एकदम बंद केली, तर रोप साखर दिल्याशिवाय तग धरत नाही. मला ही पायरी फार आवडते, म्हणूनच मी हे प्रॅक्टिकल इतकी वर्षं चालू ठेवलं.

आमच्या नळीत भ्रूणपोषाचा अर्क आणि ॲसिटेट असतं. ते एटीपीने चेतवलं गेलं की हायड्रॉक्सिलामिन हे रसायन ते पकडतं, आणि वर फेरिक क्लोराइड टाकलं की पिवळ्याचं तांबूस-जांभळं होतं. म्हणजे एटीपी नाही, तर रंग नाही.

मी तिची नळी खिडकीशी धरली. बाहेर पाऊस, आत करंट गेलेला. तेवढ्या उजेडातही रंग स्पष्ट होता, आणि वर तेलाचा पातळ थर तरंगत होता. त्या थराकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला. हायड्रॉक्सिलामिन आम्लधर्मी येतं, ते दर वेळी कॉस्टिक सोडा घालून उदासीन करावं लागतं. मी बाटलीत पीएच-कागद बुडवला, तो गर्द निळा झाला. इतक्या अल्कलीत हायड्रॉक्सिलामिन तेलातल्या एस्टरांनाच (तेलाचे रेणू एस्टरच असतात) धरतं आणि तोच रंग देतं. विकराची गरजच नाही. खात्रीसाठी उकळून मारलेला अर्क घेतला, तोही तांबडा.

वीज आल्यावर अर्क पुन्हा सेंट्रिफ्यूज केला, वरचं तेल चमच्याने काढून टाकलं आणि हायड्रॉक्सिलामिन साडेसात पीएचवर आणलं. आता तिची नळी पिवळी राहिली. एटीपीवाली फिकट तपकिरी झाली, आधीच्या गडद रंगाच्या पासंगालाही न पुरणारी. खरी क्रिया एवढीशीच होती.

आमच्या छापील मॅन्युअलमध्ये एटीपीविना नळी नाहीच. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी वेळ वाचवला, आणि मी ते न बघता वापरलं. गडद रंग आला की मी जर्नलमध्ये "उत्तम" लिहून सही करायची. मागच्या तुकड्यांच्या वह्या कपाटातून काढून बघितल्या. पीएच कुणीच नोंदलेला नाही, कारण मी कधी विचारलाच नाही. त्यातले किती रंग ॲसिटेटचे होते आणि किती तेलाचे, हे आता कळायला मार्ग नाही.

त्या मुलीच्या जर्नलमध्ये तीन नळ्यांचे फोटो चिकटवले आहेत. खाली निरीक्षण तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. त्यावर मी अजून सही केलेली नाही. आधी सगळ्या वर्गाला तिच्याकडून ते वाचून घ्यायचं आहे.