आमची वाटचाल : लपायचे कपडे, पण दिसले पाहिजेत

आमचा स्टुडिओ म्हणजे तिघांचा कारभार, आणि नक्की काय करता असं कुणी विचारलं की एका वाक्यात सांगणं अवघडच जातं. दोन पायांवर चालणारे, माणसासारखे कपडे घालणारे लांडगे, कोल्हे, वाघ, ससे असतात ना डिजिटल चित्रांत, त्यांच्या अंगावरचं कॅमोफ्लाजचं (सैनिकांना लपायला असतं तसं ठिपक्या-पट्ट्यांचं) कापड आम्ही बनवतो. खरं कापड नाही, टेक्स्चर, म्हणजे चित्रातल्या कपड्यावर चढवायची डिजिटल नक्षी. फरी कम्युनिटीतले (अशा माणसासारख्या प्राण्यांच्या चाहत्यांतले) आर्टिस्ट, कॉमिकवाले, छोटे गेम बनवणारे, थ्रीडी अवतार करणारे, असं आमचं गिऱ्हाईक.

सुरुवातीला मी एकटीच कॅरॅक्टरची कमिशनं, म्हणजे पैसे घेऊन चित्र करून द्यायची कामं, घ्यायचे. त्यात कुणीतरी "जॅकेट कॅमोचं हवं" म्हणायचंच, आणि तेव्हा सगळे जे करतात ते म्हणजे कुठूनतरी कॅमोचा फोटो आणायचा, क्लिपिंग मास्कने जॅकेटच्या आकारात कापून टाकायचा, वर सावल्यांचा एक गडद थर (मल्टिप्लाय लेयर), झालं काम. ते दिसायचं कसं, तर जॅकेटच्या आकाराची खिडकी कापलीय आणि मागे जंगलाचा वॉलपेपर चिकटवलाय असं. कोपर वाकलंय पण ठिपका सरळच, चुणी पडलीय पण डिझाइन त्यात शिरतच नाही. मला ते बघवेना म्हणून मी प्रत्येक जॅकेट हाताने रंगवायला लागले, मग बाकीचे आर्टिस्टच विचारायला लागले की ते कापड तेवढं वेगळं देतेस का. धंदा असा सुरू झाला, प्लॅन वगैरे काही नव्हता.

यातली खरी गंमत अशी की कॅमोफ्लाजचं काम आकार मोडणं हे आहे आणि कॅरॅक्टर आर्टचं काम आकार दाखवणं. फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये कॅमोफ्लाजची तुकडी उभी केली तेव्हा तिची सूत्रं गिरां द सेव्होला या चित्रकाराकडे होती, म्हणजे ही विद्या चित्रकारांच्या हातूनच पुढे आलीय. डोळ्याला बाह्यरेषा सापडू द्यायची नाही हा त्यांचा हेतू. आम्हाला तेच कौशल्य वापरून उलटं करायचं असतं, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा लांडगा झाडीत लपू शकतो, पण चित्रात त्याचा खांदा कुठे संपतो आणि शेपूट कुठे सुरू होते हे एका नजरेत कळलं पाहिजे. म्हणून आम्ही काय करतो तर कॅमोच्या रंगांतलं उजेड-अंधाराचं अंतर मुद्दाम कमी ठेवतो. अमेरिकेच्या एम८१ वुडलँड या सैनिकी पॅटर्नमध्ये वाळूचा रंग, तपकिरी, हिरवा आणि काळा असे चार रंग आहेत, त्यातला काळा जसाच्या तसा चित्रात घेतला की संपलं, सावली कुठली आणि ठिपका कुठला काही कळत नाही. आमच्या पॅलेटमध्ये काळा नाहीच, सगळ्यात गडद रंगसुद्धा सावलीपेक्षा दोन पायऱ्या उजळ असतो. नवीन पॅटर्न झाला की आधी ग्रेस्केल (रंग काढून नुसता काळा-पांढरा) करून बघायचा, तिथे कॅरॅक्टर वाचता आलं तरच पुढे.

आता खिशाबद्दल सांगते, कारण आमचं कापड लोकांना "खरं" वाटतं ते खिशामुळे. छापील कापडाचा तागा असतो आणि त्यातून बाही, पाठ, कॉलर, खिसा असे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणून कापतात, त्यामुळे छातीवरचा हिरवा ठिपका खिशाच्या कडेला येऊन तुटतो आणि खिशावर भलताच तपकिरी पट्टा आडवा चाललेला असतो. खांद्याच्या शिवणीवरही तेच. हे तुटणं चित्रात दाखवलं की मेंदू लगेच मान्य करतो की हे शिवलेलं आहे. आमच्या पॅकमध्ये (टेक्स्चरचा संच आम्ही विकतो त्यात) म्हणून एकच सलग टेक्स्चर नसतं, तुकड्यागणिक सरकवलेलं आणि फिरवलेलं मिळतं, शेपटीच्या भोकाभोवतीची पट्टी वेगळी, टोपीतल्या कानांच्या फटींची वेगळी. लांडग्या-कोल्ह्यांच्या मागच्या पायांचा टाचेचा सांधा वर असतो, माणसाच्या पँटचा कट तिथे बसतच नाही, म्हणून त्या वळणासाठी एक तुकडा जास्तीचा.

सगळ्यात डोकं खाल्लं ते पट्टेवाल्यांनी. कोल्हा सोपा, नारिंगी फर आणि हिरवं जॅकेट, आपोआप उठून दिसतं. पण वाघाला टायगरस्ट्राइप घालायचा हट्ट प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाचा (व्हिएतनाम युद्धातला तो पट्ट्यापट्ट्यांचा पॅटर्न), आणि मग वाघ कपडे घातलेला आहे की उघडा हेच कळत नाही. बरं वाघ मुळात स्वतःच कॅमोफ्लाजमध्ये आहे, हरणाला नारिंगी आणि हिरवा यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही, त्याच्यासाठी तो गवतातच मिसळलेला असतो! यावर आमचा उपाय असा की फरचे पट्टे उभे असतील तर कापडाचे आडवे, फरचे बारीक तर कापडाचे दीडपट-दुप्पट मोठे, आणि बाहीच्या टोकाला, कॉलरला एक साधी बिनठिपक्यांची पट्टी, तिच्याखाली फरवर बारीक सावली. ती पट्टी नसेल तर बाकीचं सगळं वाया.

ठिपक्याचा साइझ हाही एक विषय आहे. उंदराच्या आणि अस्वलाच्या जॅकेटवर सारखाच पॅटर्न सारख्याच प्रमाणात टाकला तर दोघं एकाच उंचीचे वाटतात. अस्वलाच्या पाठीवर ठिपके भरपूर मावतात, उंदराच्या छातीवर दीड ठिपका, तेव्हा तो छोटा दिसतो. आणि फार बारीक गेलं की थंबनेलमध्ये (चित्राच्या छोट्या झलकेत) सगळं मिळून राखाडी लगदा. हे खऱ्या सैन्यालाही भोवलंय, अमेरिकन आर्मीने २००४ मध्ये आणलेला यूसीपी नावाचा बारीक चौकोनांचा पॅटर्न लांबून एकच फिकट रंग दिसतो अशी ओरड झाली आणि शेवटी तो बदलावा लागला. आम्ही दोन थर ठेवतो, मोठे ठिपके वेगळे आणि आतली बारीक नक्षी वेगळी, लांबच्या शॉटला बारीक थर बंद करून टाका.

काय करत नाही तेही सांगते. चालू सैन्याचे पॅटर्न हुबेहूब करून देत नाही. अमेरिकन मरीन कोरच्या मारपॅट या पॅटर्नमध्ये तर त्यांचं गरुड-पृथ्वी-नांगराचं चिन्ह बारीक छापलेलं असतं, त्याची नक्कल करून विकणं म्हणजे नसती भानगड. दुसऱ्या महायुद्धातले वाफेन-एसएसचे (नाझींच्या एसएस संघटनेच्या फौजेचे) पॅटर्नही नाहीत, "फक्त डिझाइन म्हणून" म्हणत एका गेमवाल्यांनी खूप मागे लागून बघितलं, ऑर्डर मोठी होती, तरी नाही म्हटलं, नंतर त्यांनी आधीच्या कामाचेही पैसे लटकवले. जाऊ दे. जुन्यातून प्रेरणा घ्यायची तर इटलीच्या सैन्याचा १९२९ चा तेलो मिमेतिको हा पॅटर्न बघा, तीनच रंग, मोठे वाहते आकार, चित्राला इतका सोयीचा दुसरा नाही. आणि फरसूट (प्राण्याचा अंगभर पोशाख) शिवणारे आमचं डिझाइन खऱ्या कापडावर छापायला मागतात तेव्हा एवढंच सांगतो की बार्बाडोस, जमैकासारख्या ठिकाणी सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालणं बेकायदा आहे, कन्व्हेन्शनला (चाहत्यांच्या मेळाव्याला) जाताना बघून घ्या.

जोड नसलेली टाइल (शेजारी-शेजारी लावली तरी सलग दिसणारा नक्षीचा चौकोन) आम्ही क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रॅपअराउंड मोड लावून रंगवतो, थ्रीडीचं ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथे यूव्हीची शिवण (थ्रीडी आकार सपाट उलगडताना जिथे कापतात ती रेघ) मुद्दाम कपड्याच्या शिवणीवरच आणतो, म्हणजे जोड लपवायची कटकटच उरत नाही. पहिला पॅक कुणी फार घेतला नाही, मोठे ठिपके आणि बारीक नक्षी असे थर वेगळे दिल्यावर खप वाढला. आता तिघांतला एक जण फक्त चुण्यांचे ब्रश बनवतो, दुसरी पॅलेटं आणि लायसन्सचे प्रश्न बघते, मी भांडते.

सध्या हातात पांढऱ्याचं काम आहे, आर्क्टिक ससा, बर्फातलं जॅकेट, बॅकग्राउंडही बर्फ. पांढऱ्यावर पांढऱ्यावर पांढरं. फरला किंचित पिवळट आणि कापडाला निळसर छटा देऊन बघतोय, बरं दिसतंय. त्यानंतर रांगेत एक सरडा आहे, म्हणजे शॅमेलिऑन, त्याच्या मालकाचा प्रश्न असा की कातडीचा रंग बदलला की जॅकेटही बदलणार का. बदलणार म्हटलं, स्लायडर देतो, पण त्याचे पैसे वेगळे.